देवस्थळीबाईंची मार्था

मार्था हॅल्स्टेड हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. अमेरिकेतही आता ते फारसं कुणाला आठवत नसावं. सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडच्या गव्हाच्या मुलखातल्या एका लहान गावात ही बाई जन्मली, टायपिंग शिकली, धान्याच्या एका कचेरीत कामाला लागली आणि मासिकांतून कथा लिहू लागली. दोन कादंबऱ्या झाल्या, तीन कथासंग्रह झाले, आणि चाळिशीच्या आसपास ती एकाएकी लिहायची थांबली. पुढे तीस वर्षं जगली, पण छापायला म्हणून एक ओळ लिहिली नाही. मला झोपेतून उठवलं तरी मी हे सगळं घडाघडा सांगेन. वास्तविक माझा साहित्याशी संबंध शाळेतल्या निबंधापुरता. सिंगापूरच्या एका बँकेत लोक नियम पाळतात की नाही हे बघायची माझी नोकरी. तरीही मार्थाच्या वडिलांचं घोड्यांच्या सामानाचं दुकान गावात कुठल्या गल्लीत होतं ते मला ठाऊक आहे, आणि हे सगळं देवस्थळीबाईंमुळे.

सार्सची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही तेव्हा सिंगापूरच्या बेडोक भागात राहत होतो. एके दिवशी लिफ्टची वाट बघत मी ठाण्याला आईशी फोनवर बोलत होते. शेजारी एक उंच, काटकुळ्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, केसांत खोचलेली पेन्सिल. त्या माझं बोलणं चोरून ऐकत नव्हत्या, चक्क उघडउघड ऐकत होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तुम्ही चांगलं वाचाल."

"काय?"

"आवाज स्पष्ट आहे. शब्द खात नाही. शनिवारी सकाळी मोकळ्या असता का?"

मी गडबडून "काकू, म्हणजे..." असं काहीतरी पुटपुटले.

"काकू नको. काकू म्हटलं की लोक हातात डबा आहे का ते बघतात. बाई म्हणा. दहावा मजला. निखिल देवस्थळीची आई मी."

आणि शनिवारी मी गेले. का गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. बाईंना नाही म्हणणं फार थोड्यांना जमायचं, एवढंच.

बाईंनी पुण्याच्या एका छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासली होती. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या काळापासून कॉम्प्युटर येईपर्यंत. त्यामुळे छापलेलं काहीही दिसलं की त्यांचा हात केसांतल्या पेन्सिलीकडे जायचा. लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, आमच्या महाराष्ट्र मंडळाचं वार्तापत्र, कशाचीच सुटका नसे. एकदा तर लिफ्टमध्ये लावलेल्या नोटिशीवर त्यांनी समासात खुणा करून ठेवल्या. ज्या देशात च्युइंगगम विकायलाही बंदी, तिथे आपली आई सरकारी नोटीस तपासते हे कळल्यावर निखिलने दोन दिवस लिफ्ट सोडून जिना धरला.

ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, बाई रोज सकाळी कॉफी प्यायला जायच्या. तिथे टेबल अडवायचं तर लोक टिश्यूपेपरचं पाकीट ठेवून रांगेत जातात. बाई आपला जाडजूड इंग्रजी शब्दकोश ठेवून जायच्या. सून अनघा काळजीने म्हणाली, "आई, कोणी उचलून नेईल." बाई म्हणाल्या, "नेऊ दे की. तेवढाच एक वाचणारा वाढेल." शब्दकोश कोणी नेला नाही. पण कॉफीवाल्या चिनी अंकलने त्याच्याकडे बघून बघून शेवटी विचारलंच, की एवढं मोठं पुस्तक कशासाठी? बाईंनी आपल्या खणखणीत इंग्रजीत त्याला मार्था हॅल्स्टेडची सगळी कहाणी सांगितली. मागे रांग वाढत होती. त्या दिवसापासून अंकल कॉफीचा कप पुढे सरकवताना न चुकता विचारायचा, "युवर फ्रेंड ओके ऑर नॉट?"

ही मार्था बाईंना भेटली ती विशीत. छापखान्यात गठ्ठे बांधायला रद्दी यायची, त्यात कुठल्याशा मिशनच्या वाचनालयातून बाद झालेला तिचा कथासंग्रह निघाला. मलपृष्ठ गेलेलं. बाईंनी तो जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि गठ्ठ्यात परत टाकलाच नाही. पुढे चाळीस वर्षं त्या या बाईचा माग काढत राहिल्या. इथून पत्र, तिथून झेरॉक्स, अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाचीला भंडावणं. निवृत्त झाल्यावर मार्थाचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं, आणि यजमान गेल्यावर मुलाकडे सिंगापूरला आल्या तेव्हा सामानात साड्या कमी आणि कागद जास्त होते.

"बाई, पण मराठीत हे वाचणार कोण?" मी एकदा धीर करून विचारलं.

"थोर माणसांची चरित्रं आपल्याकडे ढिगाने आहेत," बाई म्हणाल्या. "थांबलेल्या माणसांचं एक तरी नको?"

घरात मार्थाचा उल्लेख नात्यातल्या बाईसारखा व्हायचा. "आज मार्थाचं लग्न झालं," असं म्हणून बाईंनी एका शनिवारी शिरा केला होता. मार्थाची पहिली कादंबरी पडली तो आठवडा बाईंनी तोंड पाडून काढला. शेवटी त्यांची नात वैतागून म्हणाली, "आजी, शी डाय ऑलरेडी लाह! व्हाय यू सो वरीड?"

माझं काम वाचायचं. बाईंचं पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकाने स्वीकारलं होतं आणि कुरियरने प्रुफं येत होती. जुन्या छापखान्याची पद्धत अशी, की एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून जुळवत जायचं. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. "वडील म्हणाले स्वल्पविराम अवतरण सुरू मुलीच्या जातीला यंत्र कशाला प्रश्नचिन्ह अवतरण बंद." पहिले दोन शनिवार माझी बोबडी वळली. तिसऱ्या आठवड्यात मी घरी नवऱ्याला "डाळ संपली आहे पूर्णविराम नवा परिच्छेद" असं म्हणाले, तेव्हा त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

काम घाईचं होतं, कारण बाईंचे डोळे चालले होते. नजरेच्या बरोबर मध्यावर एक करडा डाग आला होता आणि तो पसरत होता. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष म्हणून सांगितलं होतं. बाई ओळ नीट दिसावी म्हणून कागद तिरका धरून कडेने बघायच्या, पोपटासारख्या. त्यावर मी हसले तर त्याही हसायच्या. पण एकदा प्रुफं बाजूला ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासली गं. हे एकच माझं. हे छापलेलं मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंय. मग काय व्हायचं ते होवो."

पुस्तकाचा प्राण होता सातव्या प्रकरणात. मार्था का थांबली, याचं ते प्रकरण. बाईंकडे एका फोटोची झेरॉक्स होती. मार्थाच्या घराची बैठकीची खोली. खुर्चीत मार्था, मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला नवरा वॉल्टर. बियाण्यांचं दुकान असलेला, जाड मिशांचा माणूस. आणि खिडकीपाशी तिचा टाइपरायटर. त्याच्यावर विणलेलं झाकण, आणि झाकणावर फुलांची कुंडी.

हा फोटो बघून मलाही काही सांगावं लागलं नाही. माझ्या आत्याची पेटी आमच्या घरात अशीच होती. लग्नाआधी ती गायची. लग्नानंतर पेटीवर क्रोशाचं झाकण आलं, त्यावर फुलदाणी आली आणि पेटीचं टेबल झालं. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. आपल्याकडे बाईची कला अशीच बंद होते, नीटनेटकी आणि शोभिवंत. बाईंनी त्या खांद्यावरच्या हातावर आणि त्या कुंडीवर बावीस पानं लिहिली होती. मार्थाला वॉल्टरनेच थांबवलं, असा त्यांचा निष्कर्ष. ती वाचताना विरामचिन्हं म्हणता म्हणता माझा आवाज भरून यायचा. प्रकाशकाने तेच प्रकरण आधी एका मासिकाला दिलं, तर वाचकांची पत्रांवर पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं होतं, ही माझीच गोष्ट आहे.

ती बाईंचीही होती. लग्नाआधी त्यांच्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. "सासरी माझे कागद कुणी फाडले नाहीत हं," त्या एकदा मला म्हणाल्या. "फक्त लिहायला टेबल दिलं नाही." यजमानांचा फोटो त्यांच्या खोलीत होता, पण यजमानांबद्दल बोलताना बाईंचा आवाज सरकारी कारकुनासारखा कोरडा व्हायचा.

सातव्या प्रकरणाचं शेवटचं प्रुफ सोडून सगळी प्रुफं तपासून झाली होती. अशा वेळी मला शहाणपण सुचलं. मार्थाच्या गावात जुनी कागदपत्रं जपणारी एक लहानशी संस्था होती, तिला मी बाईंच्या नावाने ईमेल केला. त्या फोटोची चांगली प्रत मिळाली तर मुखपृष्ठावर घालता येईल, इतकाच माझा हेतू. महिन्याभराने जाडजूड पाकीट आलं. फोटो होताच. सोबत वॉल्टरच्या बहिणीच्या घरात सापडलेल्या पत्रांच्या प्रतीही होत्या. तिथल्या कुणा सेवाभावी आजीबाईंनी प्रेमाने पाठवलेल्या.

बाईंना ते अक्षर दिसेना, म्हणून मीच वाचलं आणि अर्थ सांगत गेले. पहिलं पत्र वॉल्टरचं होतं. त्याने बहिणीला लिहिलं होतं की दर नाताळला मी मार्थाला टाइपरायटरची नवी रिबन आणून देतो, ती थँक यू म्हणते आणि खणात ठेवून देते. अशा तीन झाल्या. माझं काय चुकलं तू तिला विचारशील का? दुसरं पत्र मार्थाचं, त्याच बहिणीला. मला कुणी थांबवलेलं नाही, असं तिने लिहिलं होतं. वडिलांच्या घरातून बाहेर पडायला मला लिहिणं हवं होतं. मी बाहेर पडले. सांगायचं होतं तेवढं सांगून झालं, आता मला बाग करायची आहे. पण हा वॉल्टर आल्यागेल्याला झाकण उचलून यंत्र दाखवतो आणि माझ्या पुस्तकांचं कौतुक सांगत बसतो. म्हणून मी वर जड कुंडी ठेवून दिली आहे.

मी थांबले. बाईंनी दोन्ही पत्रं मागून घेतली, तिरकी धरून बघितली, घडी केली.

"कुंडी तिने ठेवली," त्या म्हणाल्या. "शितावरून भाताची परीक्षा करतात. मी तर नुसतं झाकण बघून केली."

आम्ही खाली कॉफीला गेलो. अंकलने कप सरकवला आणि नेहमीसारखं विचारलं, "युवर फ्रेंड ओके ऑर नॉट?"

"माय फ्रेंड इज ओके," बाई म्हणाल्या. "आय अ‍ॅम नॉट." त्या दिवशी अंकलने कॉफीबरोबर न मागता टोस्टची बशी ठेवली.

मी बाईंना काय सल्ला दिला ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "बाई, राहू दे. ही पत्रं कुणी पाहिलीत? मराठीत कुणाला कळणार आहे?" नियम पाळले जातात की नाही हे बघण्याचा मी पगार घेत होते. अनघाचंही तेच मत. तिचं चुकत नव्हतं. प्रकरण काढायचं म्हणजे पुढची तीन प्रकरणंही ढासळणार होती, आणि बाईंचे डोळे तेवढे दिवस थांबायला तयार नव्हते. "आई, तुम्हाला पुस्तक वाचायचंय ना स्वतःला?" असं तिने विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाई चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "चूक दिसली आणि मी पुढच्या ओळीवर गेले, असं अडतीस वर्षांत झालं नाही. आणि ही साधी चूक नाही. एका भल्या माणसाला मी बावीस पानं फासावर लटकवलंय. त्याची बाजू मांडायला आता कोण येणार आहे?"

त्याच दुपारी त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. आधी तो समजावत होता, मग वैतागला. "बाई, लोकांना तेच प्रकरण आवडलंय. खलनायकच नसेल तर चरित्र वाचणार कोण?"

"खलनायक हवाच असेल तर माझं नाव घाला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचे पाच महिने बाई बोलायच्या आणि मी लिहून घ्यायचे. शनिवार पुरेना म्हणून रविवारही त्यातच गेला. डाग पसरत होता. आधी अक्षरं गेली, मग ओळी, मग माझा चेहरा. "आज हिरवं काहीतरी घातलंयस," असं त्या म्हणायच्या, आणि मी निळं घातलेलं असायचं. पण वाक्य सोडायच्या नाहीत. वॉल्टरच्या तीन रिबनींवर त्यांनी दोन पानं सांगितली. ती मला जुन्या बावीस पानांपेक्षा जास्त आवडतात. त्यात रडायला काही नाही. एका माणसाला बायकोचा अभिमान कुठे ठेवावा ते कळत नाही, एवढंच आहे.

ते सांगून झालं. मग बाई अचानक म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं, वैशाली."

मी पेन खाली ठेवलं.

"माझे दोन्ही दिवाळी अंक त्यांनी ऑफिसात नेऊन दाखवले होते. नवीन काय लिहिलंस म्हणून विचारायचे. वर्षभर विचारलं. तिसरी कथा साभार परत आली होती, ते मी त्यांना सांगितलंच नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि मी त्याचाच राग धरला. टेबल नव्हतं हे खरं. पण मी मागितलं नाही हेही खरं." त्यांनी फोटोच्या दिशेने मान वळवली. त्यांना तो दिसत नव्हता, पण भिंत माहीत होती. "चाळीस वर्षं मी मार्थाच्या मागे होते कशासाठी? तिलाही कुणीतरी थांबवलं होतं, एवढंच ऐकायला. तर ती आपणहून थांबली. तिचं सांगून झालं होतं गं. माझं कुठे झालं होतं?"

मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला. बाईंच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

प्रकाशकाने सहा महिने तोंड फिरवून शेवटी पुस्तक काढलं. सव्वाशे पानांचं, सडपातळ. एकच परीक्षण आलं, त्यात ते सपक असल्याचं म्हटलं होतं. प्रत हातात आली तेव्हा बाईंना त्यातलं एक अक्षरही दिसत नव्हतं. त्यांनी पानांवरून बोटं फिरवली, वास घेतला आणि मला म्हणाल्या, "वाच." आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एक चूक निघाली, आणि ती माझी होती.

त्यानंतर बाईंनी पुण्याला लेकीकडे परत जायचं ठरवलं. निखिल इथे राहायचा पास वाढवून घेऊ म्हणून मागे लागला होता, पण डोळे गेल्यावर ओळखीचे रस्ते बरे, असं त्यांचं म्हणणं. निघायच्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून वर गेले. दार उघडं होतं. बॅगा बाहेर आलेल्या, अनघा टॅक्सीवाल्याशी फोनवर बोलत होती, निखिल पासपोर्ट शोधत होता.

बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर नातीच्या चित्रकलेचा भलामोठा कागद, हातात जाड काळा मार्कर. डाव्या हाताच्या बोटाने त्या ओळीची जागा धरून ठेवत होत्या आणि उजव्या हाताने तळहाताएवढी मोठी अक्षरं काढत होत्या. एका कागदावर जेमतेम पाच-सहा शब्द मावत होते. लिहून झालेले कागद पायाशी पडले होते, पालथे.

"बाई, टॅक्सी आली," मी म्हटलं.

"येऊ दे."

"मार्थाचं काही राहिलं का?"

"मार्थाचं नाही. गोष्ट आहे. माझी." मी जवळ येते आहे हे त्यांना पावलांवरून कळलं असावं. त्यांनी पटकन पूर्ण पंजा कागदावर पसरला, शाळेतली मुलगी शेजारणीपासून वही झाकते तसा. "पुरी झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही."

"आई, चला ना, उशीर होतोय," निखिल दारातून ओरडला.

"दोन शब्द," बाई म्हणाल्या. मी मागे सरल्याची खात्री करून त्यांनी हात उचलला, नाक कागदाला लागेल इतक्या खाली वाकल्या आणि पुन्हा लिहू लागल्या.